पत्त्यातली 'स्कीम नंबर ६' : आखून वसवलेल्या वस्तीचा इतिहास कागदांत कसा शोधायचा

शीवच्या मावशीला पत्र लिहायचं तर पत्त्यात 'स्कीम नंबर ६' घालावंच लागे. त्याशिवाय पोस्टमन पत्र घेऊन गल्लीगल्ली हिंडायचा. लहानपणी मला वाटायचं, ही भिशीसारखी किंवा लॉटरीसारखी काहीतरी स्कीम असणार आणि मावशीच्या सासऱ्यांना त्यात घर लागलं असणार. मावशीला विचारलं तर ती म्हणायची, "अगं, पहिल्यापासून तसंच लिहितात."

हा 'पहिल्यापासून' म्हणजे नक्की कधीपासून, ते शोधायला मी बरीच वर्षं लावली. वर्षं लागली ती विषय अवघड म्हणून नाही. कुठं काय विचारायचं तेच मला ठाऊक नव्हतं. दादर, माटुंगा, शीव, नायगाव इथं राहणाऱ्या कुणाला आपल्या कॉलनीचा इतिहास खणायचा असेल, तर त्याचा वेळ वाचावा म्हणून हे लिहिते आहे. गाव वेगळं असलं तरी रीत फारशी बदलत नाही.

आधी गोष्ट थोडक्यात. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेगचे पहिले रोगी सापडले. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला. पुढची काही वर्षं शहराची पार दैना झाली. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. रोज माणसं येऊन आदळणारं शहर दहा वर्षांत चक्क आटलं. दाट, कोंदट वस्ती हे रोगाचं मूळ आहे असं सरकारनं ठरवलं आणि १८९८ साली कायदा करून बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा केला. त्याच्याकडं दोन कामं होती. नागपाड्यासारख्या जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढायचे, आणि शहराच्या उत्तरेला मोकळ्या जमिनीवर नव्या वस्त्या आखायच्या. प्रत्येक कामाला 'स्कीम' म्हणत आणि तिला नंबर देत. पाच नंबर दादर-माटुंगा, सहा नंबर शीव-माटुंगा. मावशीच्या पत्त्यातला सहाचा आकडा हा असा प्लेगच्या पाठोपाठ आलेला.

हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स, किंग्ज सर्कल हे सगळं याच आखणीतलं. एवढं तर आता इंटरनेटवरही मिळतं. खरी मजा याच्या पुढं आहे. इथं आधी कोण होतं? जमीन कितीला घेतली? रस्ता असा वाकडा का गेला? पहिलं बिऱ्हाड कधी आलं?

विषयाची पिशवी नसते

घरातली जुनी कागदपत्रं आठवून पाहा. आजोबांच्या ट्रंकेत विजेची बिलं एका पिशवीत असतात, बँकेची पासबुकं दुसऱ्या, कोर्टाचे कागद लाल दोरीनं बांधून तिसरीकडं. 'आपल्या घराचा इतिहास' अशी पिशवी कुणी बांधून ठेवलेली नसते. बिलं विजेच्या कंपनीनं पाठवली म्हणून ती एकत्र, कोर्टाचे कागद वकिलानं दिले म्हणून ते एकत्र.

पुराभिलेखागाराचंही तसंच. ग्रंथालयात पुस्तकं विषयानुसार लावतात, अभिलेखागारात कागद ज्या कचेरीत जन्माला आले त्या कचेरीनुसार लावतात. मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आहे. त्याचं मूळ १८२१ सालचं, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असतानाचं. तिथली दफ्तरं सामान्य विभाग, महसूल विभाग, सार्वजनिक बांधकाम, न्याय अशी खात्याखात्यांनी आणि वर्षावर्षांनी लावलेली आहेत. 'कॉलनी' नावाचं खातं तेव्हाही नव्हतं.

मी हे न समजता गेले होते. तीन दिवस १९०० च्या आसपासच्या याद्यांमध्ये 'हिंदू कॉलनी' शोधत बसले. एक नोंद नाही. चौथ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्या अभ्यासकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "बाई, १९०० साली तिथं हिंदू कॉलनी होती का?" नव्हतीच. तिथं भातखाचरं, ताडामाडाच्या वाड्या आणि वडाळ्याच्या बाजूला मिठागरं होती. ज्या नावानं मी शोधत होते ते नाव तेव्हा कुणाच्या तोंडीच नव्हतं.

तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारते: या गोष्टीबद्दल त्या वेळी कुणाला लिहावं लागलं असेल? जमीन घ्यायची म्हणजे महसूल खात्याला लिहावं लागलं. कर्ज उभारायचं म्हणजे ट्रस्टला सरकारची परवानगी मागावी लागली. रस्ता रेल्वेच्या रुळांवरून न्यायचा तर रेल्वे कंपनीशी पत्रापत्री झाली. कुणाचं भाताचं शेत गेलं तर त्यानं अर्ज केला. ज्या वस्त्या आपोआप वाढल्या त्यांचे कागद फार थोडे असतात. आखून वसवलेल्या वस्तीत मात्र पावलोपावली कुणाची तरी सही लागते, आणि जिथं सही लागते तिथं एक फाइल जन्माला येते. आपल्यासारख्यांचं नशीब तिथंच उघडतं.

नावांचं आणखी एक. इंग्रज कारकुनांनी कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं. शीवचं सायन झालं ते आपल्याला माहीत आहे, पण चिंचपोकळीचं 'चिंचपूगली' होतं, नायगावचं 'नायगाम', वरळीची स्पेलिंगं तर तीन-चार सापडतात. त्यात नावं बदललेली. शिवाजी पार्क १९२५ मध्ये खुलं झालं ते 'माहीम पार्क' म्हणून. अवंतिकाबाई गोखल्यांच्या पुढाकारानं १९२७ साली त्याचं नाव बदललं. १९२६ च्या कागदात शिवाजी पार्क शोधणारा माणूस रिकाम्या हातानं परत येणार. आजचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग त्या कागदांत व्हिन्सेंट रोड आहे. म्हणून आधी एका वहीत आपल्या भागाची सगळी जुनी-नवी नावं, सगळ्या स्पेलिंगांसकट, लिहून काढायची. कंटाळवाणं काम आहे, पण करायचंच.

कॉलनी 'स्थापन' कधी झाली?

हा प्रश्न सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त फसवतो.

कुठल्याही सोसायटीची स्मरणिका उघडा. पहिल्या पानावर 'स्थापना' आणि एक साल असतं. ते साल कुठून आलं? स्कीम नंबर पाचचंच बघू. तिची आखणी १८९९-१९०० ची. त्यानंतर योजना जाहीर करायची, हरकती मागवायच्या, सरकारची मंजुरी मिळवायची. मग एकेका मालकाकडून जमीन घ्यायची. मग भराव, गटारं, रस्ते. मग भूखंड पाडून ते भाडेपट्ट्यानं द्यायचे. मग बांधकाम. मध्येच पहिलं महायुद्ध आलं. या भागात घरांची खरी दाटी झाली ती १९२० आणि १९३० च्या दशकांत. व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षणाची संस्था माटुंग्याला आली १९२३ साली, रुईया आणि खालसा कॉलेजं निघाली १९३७ मध्ये. म्हणजे नकाशा काढणाऱ्या साहेबानं पेन्सिल खाली ठेवल्यापासून कॉलेजात जाणाऱ्या पोरांची गर्दी दिसेपर्यंत पस्तीस-एक वर्षं गेली. यातली कुठली तारीख 'स्थापना' म्हणायची?

प्रत्येक तारखेचा कागद वेगळा, ठिकाण वेगळं. सूचना छापली जाई बॉम्बे गव्हर्नमेंट गॅझेटमध्ये. हे गॅझेट म्हणजे राजपत्र. शासन निर्णय आणि राजपत्र यांची सवय असलेल्या मराठी माणसाला ते ओळखीचं वाटेल. मंजुरीचा पत्रव्यवहार सरकारच्या खात्यांच्या दफ्तरात. काम किती पुढं सरकलं ते ट्रस्टच्या वार्षिक प्रशासन अहवालात. हे अहवाल ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षाचे असत, छापील आहेत, आणि जुन्या मोठ्या ग्रंथालयांत चिकाटीनं शोधलं तर सापडतात. टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीपासून सुरुवात करावी. छापील अहवाल आणि कार्यवाहीचे खंड लंडनला पाठवायची रीत होती, त्यामुळं इथं वाळवीनं खाल्लेलं पान कधीकधी तिथल्या ब्रिटिश लायब्ररीत धडधाकट असतं.

अहवाल वाचायची एक युक्ती सांगते. सुरुवातीचा मजकूर तोंडओळखीपुरता वाचा. तो लिहिणारा आपली पाठ थोपटत असतो. कोष्टकांकडं वळा. किती जमीन ताब्यात आली, किती भूखंड पट्ट्यानं गेले, किती पडून राहिले. एका वर्षाचं कोष्टक मुकं असतं. सलग दहा वर्षांची कोष्टकं शेजारी मांडली की ती बोलायला लागतात. कुठल्या वर्षी भूखंडांना उठाव नव्हता, कुठल्या वर्षी एकदम मागणी आली, ते लख्ख दिसतं. मग त्या वर्षी काय घडलं होतं ते बघायला वर्तमानपत्रांकडं जायचं.

एस. एम. एडवर्ड्स यांनी तयार केलेलं मुंबई शहर आणि बेटाचं गॅझेटियर (१९०९) सुरुवातीला हाताशी ठेवावं. त्यात ट्रस्टच्या पहिल्या दशकाची बऱ्यापैकी माहिती आहे. फक्त ते सरकारच्या हुकमावरून सरकारी माणसानं लिहिलंय हे विसरायचं नाही.

जमीन कुणाची होती

मला विचाराल तर सगळ्यात जिवंत कागद भूसंपादनाचे. जमीन सक्तीनं घ्यायची तर मोबदला ठरवावा लागतो, आणि मोबदला ठरवायचा तर जमिनीवर काय काय आहे ते मोजावं लागतं. त्याच्या निवाड्याला आजही 'अवॉर्ड' म्हणतात. त्यात मालकाचं नाव, क्षेत्र, जमिनीचा प्रकार असतो, आणि विहीर, झाडं, झोपडं असं जे जमिनीवर उभं असेल त्याचा हिशेब. मोबदला मान्य नसेल तर वाद न्यायाधिकरणापुढं जाई, तिथं दोन्ही बाजूंचे मूल्यमापक येत आणि एकाच तुकड्याच्या दोन किमती सांगत. माळीकामाची आवड असलेल्या कुणी हे कागद वाचले तर त्याला त्या मातीत काय काय पिकत होतं ते मनात उभं करता येईल.

पण याच कागदात एक मोठं भोक आहे. निवाडा मालकाशी होतो. जमीन कसणारं कूळ, माड भाड्यानं घेऊन ताडी काढणारा भंडारी, खाडीवर जाळं टाकणारा कोळी, मालकाच्या परवानगीनं झोपडं बांधून राहिलेला गडी, यांचं नाव मालकाच्या नावाखाली दबून जातं. जुन्या शहरात तर आणखी वाईट. पाडकामाच्या हिशेबात माणसं नसतातच, 'खोल्या' असतात. इतक्या खोल्या पाडल्या, तितक्या बांधल्या. एका खोलीत किती जीव होते ते त्या रकान्यात बसत नाही.

ही माणसं कागदावर येतात ती तक्रार केली तरच. विनंती अर्ज शोधा. अर्जनविसानं ठराविक लवून-झुकून लिहिलेला मायना, खाली अंगठे. मायन्यावर जाऊ नका, मधल्या दोन-तीन ओळी बघा. खरी अडचण तिथं असते. दुसरी जागा म्हणजे देशी वर्तमानपत्रांवरचे साप्ताहिक अहवाल. मराठी, गुजराती पत्रं काय लिहितात यावर सरकारची नजर असे, म्हणून दर आठवड्याला त्यांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा करून वरिष्ठांकडं जाई. पाळतीसाठी केलेलं काम आज आपल्या कामाला येतं. ज्या मराठी पत्राचा एकही अंक आज शिल्लक नाही, त्याचा राग निदान चार इंग्रजी ओळींत तरी वाचायला मिळतो. मूळ अंक हवे असतील तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच. तेही १८९८ चं, ट्रस्टचं जुळं भावंड म्हणायला हरकत नाही.

मुंबईच्या बाहेर शोधत असाल तर मोडी या जुन्या मराठी लिपीची तयारी ठेवा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालात बांधलेले कागद असोत की तालुक्याच्या जुन्या जमीन नोंदी, मोडीशिवाय पान हलत नाही. मोडी वाचायला शिकवणारे वर्ग बऱ्याच ठिकाणी चालतात. सहा महिने मन लावलं की छापखान्यासारखं नाही, पण अडखळत वाचता येतं.

साडेत्रेसष्ट अंश

आता थोडं नकाशाकडं. माटुंग्याच्या जुन्या इमारतींमधून चालताना जाणवतं की दोन इमारतींच्या मधे जागा सोडलेली आहे, अगदी मनमोकळी नाही पण सोडलेली आहे. ती कुणाच्या लहरीनं सुटलेली नाही.

जे. पी. ऑर हे ट्रस्टचे अध्यक्ष होते. चाळींमध्ये उजेड आणि हवा किती शिरते याचा त्यांनी ध्यासच घेतला होता. त्यांचा आवडता आकडा साडेत्रेसष्ट अंश. समजायला सोपं आहे. तुमच्या खोलीच्या भिंतीच्या पायथ्याशी उभे राहा आणि समोरच्या इमारतीच्या माथ्याकडं बघा. तुमची नजर जमिनीशी जो कोन करते तो साडेत्रेसष्ट अंशांहून जास्त असता कामा नये. गणितानं याचा अर्थ असा की समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मं तरी अंतर मधे हवं. इमारत चाळीस फूट उंच तर वीस फूट जागा सोडा. उंचीइतकंच अंतर ठेवायचं म्हटलं तर कोन पंचेचाळीसचा होतो. तो जास्त उजेडाचा, पण मुंबईतल्या जमिनीच्या भावात तो बसवणार कोण? साडेत्रेसष्ट म्हणजे डॉक्टर आणि घरमालक यांच्यातली तडजोड.

मी एकदा शाळेतला कोनमापक आणि दोरीला बांधलेली किल्ली घेऊन एका जुन्या इमारतीच्या अंगणात हे मोजून पाहिलं. वॉचमननं विचारलं, "म्याडम, सर्व्हे चाललाय का? पुनर्विकास?" माझं गावठी मोजमाप बासष्टच्या आसपास आलं. त्यावरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण कागदावरचा आकडा अंगणात उभा असलेला बघितला की पुढची फाइल वाचायला हुरूप येतो. म्हणून नकाशाची प्रत घेऊन एकदा तरी पायी फिरावं. जिथं नकाशा आणि जमीन जुळत नाही तिथं थांबावं. बाग आखली होती आणि शाळा उभी आहे, रस्ता सरळ दाखवलाय आणि प्रत्यक्षात वळलाय. अशा प्रत्येक फरकाच्या मागं एखादी फाइल दडलेली असण्याची शक्यता दाट.

कागद मालकाच्या मागं जातात

१९३३ साली ट्रस्ट मुंबई महापालिकेत विलीन झाला. त्यामुळं दफ्तरं फुटली. सरकारनं ट्रस्टशी जे बोलणं केलं ते राज्य पुराभिलेखागारात, आणि ट्रस्टनं पट्टेदारांशी जे बोलणं केलं ते वारसानं पालिकेच्या मालमत्ता खात्याकडं. एकाच पत्राचं मूळ एकीकडं, स्थळप्रत दुसरीकडं. नायगावच्या बीडीडी चाळी तर तिसऱ्याच घराण्यातल्या. त्या बांधल्या १९२० मध्ये निघालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं (तेच हे बीडीडी), वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७. पुढं त्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडं गेल्या. हिंदू कॉलनीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, पण कागदांच्या जगात त्या परगावी आहेत.

पट्टा हा कागद नीट वाचावा. ट्रस्ट जमीन विकत नसे, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं देत असे, आणि पट्ट्यात अटी घालत असे: किती मुदतीत बांधायचं, किती जागा सोडायची, काय करायचं नाही. या अटींतूनच वस्तीचा चेहरा ठरला. दादर पारशी कॉलनीचं उदाहरण सगळे देतात. मंचेरजी एदलजी जोशी हे ट्रस्टमधले इंजिनियर. मध्यमवर्गीय पारशांसाठी त्यांनी १०३ भूखंड ९९ वर्षांच्या पट्ट्यानं मिळवले, आणि घरांच्या आधी झाडांचा विचार केला, असं सांगितलं जातं. फाइव्ह गार्डन्सना आज त्यांचंच नाव आहे. ही हकिकत डझनभर लेखांत त्याच शब्दांत येते, म्हणजे एकानं दुसऱ्यावरून उतरवलेली आहे. 'एकशे तीन' हा आकडा तपासायचा तर पट्ट्यांची नोंदवही धरून एकेक भूखंड मोजावा लागेल, कुठल्या साली कुणाला गेला ते. तेवढं केलं की हकिकतीचा इतिहास होतो. आणि झाडांचं खरं-खोटं? रोपं विकत आणली असतील तर खर्चाच्या हिशेबात कुठंतरी रक्कम पडलेली असणार.

गृहनिर्माण संस्थांचे कागद हा वेगळाच खजिना. गावदेवीची सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९१५ ची, श्रीपाद सुब्राव तलमकी यांच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली, सहकारी गृहनिर्माणाच्या चळवळीतली आद्य संस्था. अशा संस्थांकडं उपविधी असतात, सभासदांची नोंदवही असते आणि सभांचं इतिवृत्त असतं. इतिवृत्तात रंगाचा खर्च, पाण्याची वेळ, गच्चीवर पापड कुणी वाळवायचे यावरून झालेली भांडणं असतात. नगररचनेच्या अहवालात जी वस्ती 'आरोग्यदायी' असते, तिथं पाणी चौथ्या मजल्यावर चढत नव्हतं हे तुम्हाला इतिवृत्तातच कळणार. स्मरणिकेवर मात्र जपून विश्वास ठेवा. त्यात कुणीच भांडलेलं नसतं.

घराच्या मालकीचा माग काढायचा असेल तर मुंबई शहरात सातबारा नाही, मालमत्ता पत्रक आहे. जमिनीच्या मोजणीत प्रत्येक तुकड्याला नंबर दिलेला असतो: शहर बेटावर सी.एस. नंबर चालतो, उपनगरात सी.टी.एस. नंबर. जुन्या खरेदीखतांसाठी दुय्यम निबंधकाकडचं इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची सूची. भूखंड क्रमांक, स्कीम क्रमांक आणि सी.एस. नंबर हे तीन आकडे एका कागदावर जुळवून लिहिले की अर्धं काम झालं.

सरकारी वसाहत नसेल तर ही सगळी वाट बदलते. किर्लोस्करवाडी १९१० सालची, औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर कारखान्याभोवती वसवलेली. तिथं संस्थानचं दफ्तर आणि कारखान्याचे स्वतःचे कागद हेच आधार, आणि खाजगी कागद दाखवायचे की नाही हे त्यांच्या मालकाच्या मर्जीवर. नवी मुंबईत उलटी गत. ते शहर वसवणारं सरकारी महामंडळ सिडको १९७० चं. ९५ गावांची मिळून ३४४ चौरस किलोमीटर जमीन. कागदांचा नुसता पूर. पण जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमीन गेलेल्या शेतकऱ्यांनी केलेल्या आंदोलनात पाच माणसं गोळीबारात गेली, तो इतिहास विकास आराखड्याच्या रंगीत नकाशात कुठं सापडणार? तिथं गावबैठकांची पत्रकं, ग्रामपंचायतीचे ठराव आणि अजून हयात असलेली माणसं हीच दफ्तरं. ती आधी गाठावीत. नकाशे थांबतील.

निंदणी

शेतात तण काढतात तशी कचेऱ्यांत कागदांची निंदणी होते. शब्दही तोच वापरतात, निंदणीकरण. सरकारी अभिलेखांचे वर्ग असतात. 'अ' वर्ग कायमचा, 'ड' वर्ग वर्षभरात रद्दीत, बाकीचे मधल्या मुदतीचे. मोठा निर्णय 'अ' मध्ये जगतो. एखाद्या भाडेकरूचा नळाबद्दलचा अर्ज रद्दीत जातो. म्हणून एखादी गोष्ट कागदात सापडली नाही याचा अर्थ ती घडली नाही असा काढू नये.

जे कागद अजून पुराभिलेखागारात पोचलेले नाहीत, कचेरीच्या माळ्यावरच आहेत, त्यांच्यासाठी माहितीचा अधिकार वापरता येतो. त्या कायद्यात कलम ८(३) आहे: घटना वीस वर्षांहून जुनी असेल तर, काही ठराविक अपवाद सोडून, गोपनीयतेची कारणं पुढं करता येत नाहीत. अर्जात 'सर्व कागदपत्रे द्यावीत' असं लिहिलंत तर 'माहिती विस्तृत आहे' असं उत्तर येणार. भूखंड क्रमांक, स्कीम क्रमांक आणि साल घालून एकच नोंदवही तपासायला मागा. मला एका कचेरीनं आधी 'अभिलेख आढळून येत नाही' असं छापील उत्तर दिलं होतं. अपिलात गेले, तेव्हा तो शिपायाच्या खुर्चीमागच्या कपाटात आढळून आला. कपाटावर तिजोरीसारखं कुलूप, किल्ली खुंटीवर.

सध्या या जुन्या कागदांना एकदम भाव आला आहे. १९२० च्या आसपास ९९ वर्षांसाठी झालेले पट्टे आत्ता संपताहेत, आणि त्यांच्यावरच्या इमारती पुनर्विकासाच्या रांगेत आहेत. शंभर वर्षांपूर्वीची एखादी अट आज किती फुटांचा फ्लॅट मिळणार ते ठरवू शकते. त्यामुळं वाचनकक्षात आता इतिहासाच्या विद्यार्थ्यांबरोबर वकिलांचे कारकून आणि सोसायटीचे सेक्रेटरीही भेटतात. ते पाच मिनिटांत एक पान शोधून फोटो मागतात आणि जातात. आपण दिवसभर बसतो. दोघांचंही काम त्याच कागदाशी.

स्कीम सहाचा उलगडा झाल्यावर मी मावशीकडं गेले. प्लेग, ट्रस्ट, भातखाचरं सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग पाच नंबर कुठला?" म्हटलं, दादर-माटुंगा. "म्हणजे दादरवाले आपल्या आधी," ती जरा हिरमुसली. मग उठून कपाटातून बिस्किटांचा चपटा पत्र्याचा डबा काढला. आत भाड्याच्या पावत्या होत्या, तिच्या सासऱ्यांच्या नावच्या, महिन्यामागून महिना, रबरबँडात बांधलेल्या. वरची पावती १९४७ ची. घरमालकाचं नाव, खोली क्रमांक, भाडं, आणि कोपऱ्यात भूखंड क्रमांक. पुराभिलेखागारात मला भूखंड कुणाला दिला ते कळलं होतं. त्यावर बांधलेल्या इमारतीत कोण राहायला आलं, ते या डब्यात होतं.

मी म्हटलं, मावशी, आठ दिवसांसाठी दे, स्कॅन करून आणते.

"इथंच काय ते फोटो काढ," मावशी म्हणाली. "बिल्डरची माणसं भाडेकरूचा पुरावा मागतायत. डबा घराबाहेर जाणार नाही."